पाचही पांढऱ्या माद्याच निघाल्या: लाल डोळ्यांच्या जपानी लाव्यांचं कोडं

अंगणवाला

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे जपानी लाव्यांचा छोटासा कळप आहे. सगळे साधे तपकिरी, ज्यांना फारो म्हणतात ते. एकाच पिंजऱ्यात दोन नर आणि सात माद्या. त्यांची अंडी इन्क्युबेटरला लावली होती. सतराव्या दिवशी फुटायला लागली, अठराव्याला आटोपलं. एकूण २२ पिल्लं.

त्यातली १७ नेहमीसारखी, पाठीवर काळे-पिवळे पट्टे असलेली. पाच मात्र अंगभर फिकट पिवळी, चोच आणि पाय गुलाबी, आणि डोळे चक्क लाल. ओली होती तेव्हा मिटलेल्या पापणीतूनसुद्धा लाली दिसत होती. पिसं आल्यावर पांढरी झाली, पण पक्षी हातात घेऊन उजेडात तिरका धरला की पाठीवर अगदी फिकट बदामी नक्षी दिसते. लांबून काही कळत नाही.

आता खरी गंमत. सातव्या आठवड्यात ह्या पाचही अंड्यावर आल्या. एकही नर नाही! तपकिरी १७ मध्ये १० नर आणि ७ माद्या आहेत.

प्रश्न असे:
ह्यांना अल्बिनो म्हणायचं का? आई-बाप तपकिरी असताना ह्या आल्या कुठून? सगळ्या माद्याच का? आणि अल्बिनो असतील तर त्यांची अंडी बाकीच्यांसारखीच ठिपक्यांची कशी?

मला पांढऱ्यांचा वेगळा कळप करायची इच्छा आहे. एकाने सांगितलं की बापालाच ह्या लेकींवर सोड, पुढच्या खेपेला पांढरे नर मिळतील. करू का?

टॉर्चवाला

टेक्सास व्हाइट असतील. मागच्या पिढ्यांत कुणीतरी पांढरं असणार, ते आता वर आलं. एवढं डोकं खाजवायचं कारण नाही. सांभाळा आणि मजा करा.

अंगणवाला

टॉर्चवाले दादा, टेक्सासचे डोळे काळे असतात ना? फोटोंत तरी तसेच दिसतात. ह्यांचे लाल आहेत म्हणून तर धागा काढला.

पिसारा

अंगणवाले, डोळे आधी पाहिलेत हे फार बरं केलंत. पांढऱ्या लाव्याचं पीस बघून काहीही कळत नाही. पांढरेपणाला निरनिराळ्या वाटांनी पोचता येतं, आणि कोणत्या वाटेनं आलाय ते डोळा सांगतो.

टेक्सास किंवा इंग्लिश व्हाइटमध्ये रंग तयार करण्याची ताकद शाबूत असते. त्वचेतल्या आणि पिसांतल्या रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरत जातात. असल्या पांढऱ्या-पट्टेरी वाणांत बहुधा तो प्रवासच अर्धवट राहतो. पांडा नावाचा ठिपकेदार लावा ह्याचं चांगलं उदाहरण आहे. त्याच्या ईडीएनआरबी२ ह्या जनुकात बिघाड असतो, त्यामुळे रंगपेशी ठिकाणावर पोचत नाहीत. पण डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर त्या प्रवासी पेशींचा नसतोच, तो डोळ्याच्या स्वतःच्या उतीतून तिथल्या तिथे बनतो. म्हणून पक्षी पांढराशुभ्र आणि डोळा काळा. टेक्सासच्या टाळूवर एखादा तपकिरी ठिपका राहून जातो तो ह्यातलाच, तेवढ्या चार पेशी तिथे पोचलेल्या असतात.

अल्बिनोचं उलट असतं. पेशी सगळीकडे पोचलेल्या असतात, पण त्यांच्या हातून रंगच नीट बनत नाही. मग पिसांत नाही, चोचीत नाही, नख्यांत नाही आणि डोळ्यांतही नाही. डोळ्यात रंगाचा आडोसा नसला की आतलं रक्त दिसतं, म्हणून लाल. तुमच्या पक्ष्यांच्या पाठीवरची ती फिकट बदामी नक्षी म्हणजे पेशी जागेवर आहेत ह्याची पावतीच. पेशी पोचल्याच नसत्या तर नक्षी उमटली नसती.

आता सगळ्या माद्याच का. पक्ष्यांत लिंगाचं गणित आपल्या उलट असतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी आपला डब्ल्यू लेकीला देते आणि झेड लेकाला. म्हणजे लेकीला झेड मिळतो तो फक्त बापाकडून. आपल्याकडे मुलगी बापाच्या वळणावर गेली म्हणतात, लाव्यांत झेडवरच्या गुणांपुरतं ते शब्दशः खरं आहे. जपानी लाव्यातला हा लाल डोळ्यांचा प्रकार झेडवरच बसलेला आहे आणि तो अप्रभावी आहे. नराच्या एका झेडवर तो असला तरी दुसरा चांगला झेड त्याला झाकून टाकतो, नर तपकिरीच दिसतो. लेकीकडे झाकायला दुसरा झेड नाही. बापानं वाईट झेड दिला की पोर पांढरी, चांगला दिला की तपकिरी. आईचा ह्यात काहीच संबंध नाही.

तेव्हा तुमच्या दोन नरांपैकी एक (किंवा दोन्ही) वाहक आहे, म्हणजे वाईट झेड लपवून बाळगणारा. वाहक नर आणि साध्या माद्या असतील तर निम्म्या लेकी पांढऱ्या यायला हव्यात. तुमच्याकडे १२ पैकी ५ आल्या. त्यावरून मला वाटतं की एकच वाहक असेल तर बहुतेक अंडी त्याचीच होती.

शास्त्रज्ञांना हा प्रकार १९६० च्या दशकापासून माहीत आहे. पुढे कळलं की बिघाड एसएलसी४५ए२ ह्या जनुकात आहे. ह्याच जनुकाच्या दुसऱ्या एका बदलातून सिनॅमन लावा तयार होतो, आणि कोंबड्यांतला ‘सिल्व्हर’ रंगसुद्धा ह्याच जनुकाचा. म्हणून सिनॅमन नराला अल्बिनो मादी दिली तर तपकिरी नर मिळतील अशी आशा धरू नका, लेक सिनॅमनच येतील. दोघं एकाच जागेवरचे भाडेकरू आहेत.

अंड्यांचे ठिपके: पिसांचा काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन. कवचावरचा रंग त्याहून पूर्ण वेगळा, तो रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमच्या कुळातला. ठिपक्यांचा तपकिरी म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन, निळसर झाक बिलिव्हर्डिनची. मेलॅनिनचं दुकान बंद असलं तरी गर्भाशयातलं हे काम चालू राहतं. अल्बिनो मादीची अंडी ठिपक्यांची असणं अगदी बरोबर आहे, पांढरी पडली असती तर काळजी केली असती.

आता एक पण. लाल डोळ्यांचा अजून एक प्रकार लाव्यांत नोंदलेला आहे, जो झेडवर नसून साध्या गुणसूत्रावर आहे. त्यात आई आणि बाप दोघंही वाहक लागतात, एकूण पिल्लांत पाव पांढरी येतात, आणि ती नर-मादी दोन्ही असतात. २२ चा पाव साडेपाच. तुमचा आकडा त्यालाही जुळतो! फरक फक्त एवढाच की त्या प्रकारात पाचच्या पाच माद्या निघण्याची शक्यता ३२ त एक. म्हणून माझा कौल झेडकडे आहे, पण ३२ त एक म्हणजे अशक्य नव्हे. कळप उभा करण्याआधी खात्री करून घ्या.

बापाला लेकींवर सोडण्याचा सल्ला मला दोन कारणांनी पटत नाही. एक तर त्यातून खात्री होतच नाही. झेडवरचा असो की दुसरा, बाप-लेकीच्या जोडीतून निम्मी पिल्लं पांढरी येणार आणि नर-मादी दोन्ही येणार. दोन्ही गृहीतकं तेच उत्तर देतात, मग परीक्षा कसली? दुसरं म्हणजे लावे जवळच्या नात्यातली जोडी फार कमी सोसतात. कोंबडीत दोन-तीन पिढ्या खपून जाईल ते लाव्यात खपत नाही. अंडी भरत नाहीत, भरली तर शेवटच्या दोन दिवसांत पिल्लं कवचात मरतात, ओळच्या ओळ बसते.

परीक्षा अशी घ्या. दोन्ही नर वेगळे करा आणि प्रत्येकाला दुसरीकडून आणलेल्या, नात्यात नसलेल्या तपकिरी माद्या द्या. झेडवरचा प्रकार असेल तर वाहक नराच्या निम्म्या लेकी पहिल्याच खेपेला पांढऱ्या निघतील, माद्या कुठल्याही असोत. दुसरा प्रकार असेल तर एकही पांढरं येणार नाही. बाप कोणता, प्रकार कोणता, दोन्ही प्रश्न एकाच खेपेत सुटतात आणि नात्यातली जोडीही करावी लागत नाही.

आणलेल्या माद्या आधी कुठल्या नराबरोबर असतील तर त्यांना पहिले दोन आठवडे नर देऊ नका, आणि त्या काळातलं एकही अंडं उबवायला लावू नका. मादी नराचं बीज शरीरात आठवडा-दीड आठवडा साठवून ठेवते. ही घाई केली की वहीत भलत्याच बापाचं नाव लागतं.

कवडी

पिसाराताई, मस्त उलगडून सांगितलंत. वाचनखूण साठवली.

माझा अनुभव थोडा कडू आहे. माझ्याकडे लाल डोळ्यांचे होते, त्यांतले बरेच पहिल्या आठवड्यातच गेले. खाद्यावर उभे असून खाद्य सापडत नाही अशी अवस्था. उरलेल्यांना बाकीचे टोचायचे. मला वाटतं हा रंग मुळातच दुबळा आहे, वाढवूच नये.

जाता जाता एक विचारते: माझ्या सोनेरी (इटालियन) जोड्यांत दरवेळी पाव अंडी रिकामी निघतात. ते पण असंच काही आहे का?

पिसारा

कवडी, सोनेरीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. इटालियन, मंचुरियन, गोल्ड नाव काही घ्या, हा यलो नावाचा प्रभावी गुण आहे. त्यात डीएनएचा एक मोठा तुकडा गळालेला असतो. एक प्रत गळाली तर पक्षी सोनेरी होतो. दोन्ही गळाल्या तर गर्भ अगदी सुरुवातीला मरतो, कँडलिंगला (अंडं दिव्यावर धरून तपासताना) ते रिकामंच वाटतं. सोनेरी गुणिले सोनेरी केलं की पाव अंडी अशी जाणारच. तुमचा नर नापीक नाही आणि इन्क्युबेटरही बिघडलेला नाही. सोनेरीला तपकिरी द्या: निम्मी पिल्लं सोनेरी, निम्मी तपकिरी, आणि ह्या कारणानं एकही अंडं वाया जाणार नाही. जगात शुद्ध सोनेरी जिवंत लावा नाहीच, त्यामुळे ‘शुद्ध सोनेरी जोडी’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर हसून पुढे जा.

आता लाल डोळे. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, पण मी ते सगळं दुबळेपणाच्या खात्यात टाकणार नाही. ह्या पिल्लांना झगझगीत उजेडात नीट दिसत नाही. ब्रूडरमध्ये (पिल्लांच्या उबेच्या खोक्यात) पांढरा दिवा लावला की ती दिव्याकडे पाठ करून कोपऱ्यात तोंड खुपसून बसतात, आणि आपल्याला वाटतं थंडी वाजतेय, म्हणून आपण दिवा अजून खाली घेतो! उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा आणि खोलीत मंद प्रकाश ठेवा. फीडर आणि ड्रिंकर पहिल्या दिवशी जिथे ठेवाल तिथेच शेवटपर्यंत राहू द्या, साफ करून परत ठेवतानाही बोटभर इकडेतिकडे नको. ह्यांना जागा पाठ होते, वस्तू दिसत नाही. पाण्यात गोट्या टाका, नाहीतर पाण्यात पडलेलं पिल्लू बाहेर यायची वाटच शोधत राहतं. आणि पहिले दहा-बारा दिवस तपकिऱ्यांपासून वेगळी ठेवा. टोचणं निम्म्यानं कमी होतं, कारण मुळात खाद्यावरची रेटारेटीच राहत नाही.

माझ्या स्वतःच्या पांढऱ्या माद्या एवढ्यानं नीट वाढल्या, अंड्यालाही तपकिऱ्यांच्या मागे नाहीत.

तरी ह्या रंगाचा मोठा कळप करावा का म्हणाल तर माझं मत नाही असंच आहे, आणि कारण डोळ्यांचंच आहे. ह्या झेडवरच्या अल्बिनो लाव्यांत वय वाढेल तसा काचबिंदू होतो. डोळ्यातला दाब वाढतो आणि बुबुळ फुगून मोठं होतं. हे इतकं ठरलेलं आहे की काचबिंदूच्या संशोधनासाठी हेच लावे वापरले गेलेत. पक्षी हातात घेऊन समोरून बघा. दोन्ही डोळे डोक्याच्या मानाने बाहेर आल्यासारखे वाटू लागले, किंवा बोट बाजूनं नेलं तरी मान हलली नाही, तर समजा सुरू झालं. दोन-चार पक्षी आवडीनं सांभाळणं वेगळं, पन्नास आंधळे होऊ घातलेले पक्षी मुद्दाम तयार करणं वेगळं. ज्याला पांढराच कळप हवा आहे त्यानं काळ्या डोळ्यांचा टेक्सास घ्यावा. (टॉर्चवाले, बघा, तुमचा टेक्सास शेवटी आलाच.) लाव्यांतल्या सिल्व्हरच्या (हा कोंबड्यांतल्या सिल्व्हरहून वेगळा गुण) दोन प्रती असलेला पांढराही काळ्या डोळ्यांचा दिसतो, पण त्याच्या डोळ्याचा आतला पडदाच बिघडलेला असतो, म्हणून तोही नको.

अंगणवाला

पिसाराताई, कवडीताई, दोघींचे आभार. बुबुळाचं वाचून लगेच पाचही माद्या तपासल्या. अजून तरी ठीक दिसतायत, बोटाकडे मान वळवतात.

तुम्ही म्हणालात तसे दोन्ही नर वेगळे केले होते. लिहायला उशीर झाला कारण निकालाची वाट पाहत होतो. नात्यात नसलेल्या माद्या आणल्या, दोन आठवडे रिकाम्या ठेवल्या, मगच नर सोडले. मोठ्या नराच्या पिंजऱ्यातून सगळी तपकिरी आली. धाकट्याच्या पिंजऱ्यात १५ पैकी चार लाल डोळ्यांची! म्हणजे झेडवरचंच ना? आणि धाकटाच बाप?

आता दोन शंका. पांढऱ्यांचे जे तपकिरी भाऊ-बहीण आहेत, त्यांच्यातले कोण वाहक हे कसं ओळखू? आणि मोठा कळप नको हे पटलं, पण एक तरी पांढरा नर बघायची हौस आहे. नातं टाळून मिळेल का?

टॉर्चवाला

टेक्सासचा उल्लेख झाल्याबद्दल धन्यवाद. मी गप्प बसतो.

पिसारा

अभिनंदन! हो, झेडवरचंच, आणि बाप धाकटाच. नव्या माद्या सगळ्याच दुसऱ्या प्रकारच्या वाहक असण्याचा योगायोग मी धरत नाही. तरी ही चार पिल्लं मोठी झाली की त्यांत एखादा नर निघतो का ते बघा. निघाला तर माझं सगळं लिखाण खोडून टाका आणि मला कळवा. पांढऱ्यांत छातीच्या पिसांवरून नर-मादी कळत नाही. तपकिऱ्यांत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नराची छाती विटकरी होते, मादीची ठिपक्यांची राहते, पण इथे रंगच नाही. शेपटीखालची गाठ दाबून फेस येतो का ते पाहायचं, फेस आला तर नर. मोठाही पूर्ण निर्दोष ठरवायचा असेल तर त्याच्या लेकींचा आकडा बघा. सात-आठ लेकी सगळ्या तपकिरी असतील तर तो वाहक नाही असं धरून चाला.

तपकिरी बहिणी बिनधास्त ठेवा. त्यांच्याकडे एकच झेड आणि त्या तपकिरी दिसतायत, म्हणजे तो चांगलाच आहे. त्यांच्यात लपायला जागाच नाही. भाऊ मात्र संशयित. धाकट्याचे निम्मे लेक वाहक असणार, आणि दिसायला वाहक आणि साधा ह्यांत तसूभर फरक नाही. पिसं चाळून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकतर पारखायचे, नाहीतर पैदाशीला ठेवायचेच नाहीत. दहा नर तसेही तुम्हाला पैदाशीला लागणार नाहीत.

पांढऱ्या नराची हौस अशी भागेल. पांढऱ्या लेकाला दोन्हीकडून वाईट झेड लागतो, म्हणजे आई पांढरी आणि बाप निदान वाहक हवा. तुमच्या कळपात वाहकपणा एकाच घरातून आलाय, तेव्हा नातं पूर्ण टळणार नाही, पण पातळ करता येतं. पाचांतली सगळ्यात दणकट पांढरी मादी घ्या आणि तिला परका, साधा तपकिरी नर द्या. तिच्याकडे एकच झेड आहे आणि तो लेकांनाच जातो, म्हणून तिचे सगळे लेक हमखास वाहक, पारखायची गरज नाही. मग त्यातला एक लेक ह्या नव्या खेपेतल्या पांढऱ्या मादीला द्या. धाकटा एकाचा आजोबा आणि दुसरीचा बाप लागेल, पण बाकीचं रक्त बाहेरचं. शिवाय ही पिल्लं नव्या आयांची असल्यानं जुन्या सात माद्यांचं नातंही त्यात येत नाही. निम्मे लेक पांढरे येतील.

आणि तो एक पांढरा नर मिळाला की गंमत बघा. त्याला साध्या तपकिरी माद्या द्या. सगळ्या लेकी पांढऱ्या, सगळे लेक तपकिरी. अंडं फुटल्या फुटल्या डोळा बघून नर-मादी वेगळे करता येतात, तीन आठवडे थांबायला नको. माझ्या मते ह्या रंगाचा खरा उपयोग हाच. फक्त ह्या लेकी अंड्यासाठी ठेवा, पुढे पैदाशीला लावू नका.

पायात रंगीत रिंगा आत्ताच घाला: धाकट्याच्या लेकांना एक रंग, मोठ्याच्या लेकांना दुसरा. पिल्लू वाढेल तशी रिंग बदलावी लागते, घट्ट झालेली रिंग पायात रुतते, म्हणून दर आठवड्याला बोटानं फिरवून बघत जा.

अंगणवाला

रिंगा आजच घातल्या. निळ्या धाकट्याच्या, पिवळ्या मोठ्याच्या. एका निळ्यानं लगेच चोचीनं ओढून काढली, त्याला परत घातली. परका नर शोधायला लागतो.